भास्कराचार्य आणि पाटणचा मठ

ज्यांचे नाव शिलालेखाने आपल्या खानदेशाशी जोडले गेले आहे, असे थोर गणिती म्हणजे भास्कराचार्य. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधील. सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जडविड हे आपले गाव, अशी नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ सिद्ध केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. पुढे ११८३ मध्ये, उतारवयातही, त्यांनी 'करणकुतूहल' रचला.

'बीजगणित' या भागात अज्ञात संख्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिलेली आढळतात. एखाद्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा वर्गच यावा, हा प्रश्न त्यांनी चक्रवाल पद्धतीने सोडविला. त्यातील लहान वर्गमूळ २२,६१,५३,९८० इतके मोठे येते. युरोपात फर्माने हाच प्रश्न १६५७ मध्ये गणितज्ञांपुढे ठेवला. संख्येचा घन अधिक तिची बारापट, बरोबर वर्गाची सहापट अधिक ३५, असे घनसमीकरणही भास्कराचार्यांनी दिले असून त्याचे उत्तर ५ आहे. मात्र अशा समीकरणांना सर्वत्र लागू पडणारी रीत त्यांनी दिली नाही. तेथे बुद्धीच चालवावी लागते, असे त्यांचे मत होते. घन व चतुर्घात समीकरणांची रीत युरोपात सोळाव्या शतकात सापडली. पंचघात समीकरणाला मुळे काढून सोडविण्याची सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे १८२४ मध्ये आबेलने सिद्ध केले. आणि कोणते समीकरण असे सुटते, कोणते नाही, याची कसोटी १८३२ मध्ये अवघ्या २० व्या वर्षी मरण पावलेल्या गाल्वाने दिली.

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने दरबारी नेले. नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे ज्योतिषी झाले. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून चांगदेवांनी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. त्यास निकुंभ राजा सोइदेव याने १२०७ मध्ये दान दिले. हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातील मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर आणि दर घाण्यामागे पळीभर तेल मठास द्यावे, असे त्यात नमूद आहे.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस हा भाग सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. मठातील दिवा घाणेकऱ्याच्या तेलावर जळत होता. पण त्या काळच्या समाजव्यवस्थेत त्या दिव्याखाली बसून शास्त्र शिकण्याचा अधिकार त्याच्या मुलाला नव्हता. आज त्याच खानदेशात कष्टकऱ्यांची मुले-मुली वसतिगृहात राहून बीजगणित शिकत आहेत. दहावीनंतर त्यांनी गणिताची वाट सोडू नये, यासाठी पालकांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे आणि माजी विद्यार्थ्यांनी त्यांना एकदा पाटणचा तो लेख दाखवून आणावा, अशी आमची विनंती आहे.