दम्यामुळे जड कॅमेरा उचलवेना, म्हणून या मेकॅनिकने खिशात मावणारा कॅमेरा बनवला

पहिला कॅमेरा घ्यायला निघालं की प्रश्न ठरलेला. कॅनन, निकॉन की सोनी? मग दुकानदार आणखी दोन शब्द टाकतो, 'फुल फ्रेम' आणि '५० एमएम'. या शब्दांचा माग काढत गेलं तर आपण ऑस्कर बार्नाक नावाच्या एका जर्मन मेकॅनिकपाशी पोहोचतो.

बार्नाकचा जन्म १८७९ चा, ब्रँडेनबर्गमधल्या लिनो गावचा. यंत्रकाम शिकून तो येना शहरातल्या झाईस कंपनीत लागला. फोटोंचा भारी नाद, पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी खोका, काचेच्या प्लेटा आणि वर तिपाई. त्यात बार्नाकला दमा. हे ओझं घेऊन डोंगर चढताना जीव मेटाकुटीला यायचा. तेव्हाच डोक्यात आलं की निगेटिव्ह छोटी ठेवायची आणि फोटो नंतर मोठा करायचा.

१९११ मध्ये तो वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीत गेला. ही कंपनी सूक्ष्मदर्शकं बनवायची. तिथे त्याने सिनेमाची ३५ एमएम फिल्म घेतली. सिनेमाची चौकट १८ बाय २४ एमएमची असायची. बार्नाकने फिल्म आडवी फिरवली आणि चौकट दुप्पट केली, २४ बाय ३६ एमएम. आजच्या फुल फ्रेम सेन्सरचं माप हेच आहे!

१९१४ पर्यंत नमुना तयार होता. पण महायुद्ध पेटलं आणि सगळं अडकलं. तरी बार्नाक कॅमेरा घेऊन हिंडायचाच. १९२० मध्ये वेट्झलारला पूर आला, त्याचे फोटो त्याने याच नमुन्यावर काढले.

आता खरी गोम लेन्सची होती. इवलीशी निगेटिव्ह मोठी करायची, म्हणजे बारीकशी खोटही मोठी होऊन दिसणार. ते काम कंपनीच्याच मॅक्स बेरेकने केलं, ५० एमएम, एफ ३.५ ची लेन्स. नवशिके सगळं बजेट बॉडीवर उडवतात आणि लेन्सच्या वेळी हात आखडतात. बार्नाकच्या बाबतीत तसं झालं असतं तर त्याचा कॅमेरा खेळणं ठरला असता.

१९२४ साली मालक अर्न्स्ट लाइट्झ यांच्यासमोर पेच होता. महागाईने जर्मनी नुकताच होरपळून निघालेला, कामगारांच्या हाताला काम हवं होतं आणि कॅमेऱ्याच्या धंद्याचा कंपनीला अनुभव नव्हता. बैठकीत भरपूर शंका निघाल्या. तरीही लाइट्झ यांनी जोखीम घेतली. १९२५ च्या लाइपझिग जत्रेत कॅमेरा आला. लाइट्झ आणि कॅमेरा मिळून नाव झालं 'लायका'.

तो चालला, म्हणून प्रतिस्पर्धीही आला. तोही कोण, तर बार्नाकच्या जुन्या मालकाच्या घरातला. १९३२ मध्ये झाईस आयकॉनने 'कॉन्टॅक्स' काढला. कागदावर तो सरस होता. धातूचं शटर, चटकन बदलता येणारी लेन्स, शिवाय कमी उजेडात चालणारी सोनार लेन्स. पण शटरची यंत्रणा गुंतागुंतीची, आणि पहिलं मॉडेल बिघडण्यासाठीच गाजलं. लायकाचं कापडी शटर साधं, अंग लहान. शिवाय एकाची लेन्स दुसऱ्याला बसत नव्हती. एकदा घर निवडलं की पुढच्या सगळ्या लेन्स त्याच घरच्या. आज कॅनन की निकॉन ठरवताना डोकं खाणारा प्रश्न हाच.

गंमत म्हणजे या दोघांची मुळंही तिथेच आहेत. कॅननचा पहिला कॅमेरा लायकाकडे बघून घडला आणि त्याला लेन्स होती निक्कॉर, म्हणजे आजच्या निकॉनची! पुढे १९४८ मध्ये निकॉनने स्वतःचा कॅमेरा काढला, तो बाहेरून कॉन्टॅक्ससारखा आणि आतलं शटर लायकाच्या धर्तीचं.

बार्नाकने हे पाहिलं नाही. १६ जानेवारी १९३६ ला तो वारला, वय ५६. त्याचा स्वतःचा एक कॅमेरा, १९२३ च्या चाचणी मालिकेतला १०५ नंबरचा, २०२२ मध्ये लिलावात निघाला. व्ह्यूफाइंडरवर त्याचं नाव कोरलेलं आहे. किंमत आली १ कोटी ४४ लाख युरो.