शेवटचा सम्राट : दया आणि दोष

राजघराण्याच्या अखेरच्या पुरुषाविषयी लोकमानसात नेहमीच एक हळवा कोपरा असतो. सिंहासनावर बसलेल्या राजाला जाब विचारणारी माणसेही तोच राजा पदच्युत होऊन दारोदार फिरू लागला की हळहळतात. इटालियन दिग्दर्शक बर्नार्डो बर्तोलुची यांच्या ‘द लास्ट एम्परर’ या १९८७ सालच्या भव्य चित्रपटाने जगभरच्या प्रेक्षकांच्या मनातील या हळवेपणालाच हात घातला. चीनच्या मांचू घराण्याचा अखेरचा सम्राट पू यी याच्या जीवनावरील हा चित्रपट. पेकिंगच्या राजवाड्यात, म्हणजे ‘निषिद्ध नगरी’त, चित्रीकरणाची परवानगी मिळालेला हा पहिलाच पाश्चात्त्य कथापट होता. हजारो माणसांचे मेळावे त्यात उभे केले गेले, आणि १९८८ साली त्याला नऊ ऑस्कर पारितोषिके मिळाली. कलाकृती म्हणून त्याची थोरवी वादातीत आहे. परंतु तो पाहून उठणारा प्रेक्षक एका असहाय बंदिवानाची कथा मनात घेऊन घरी जातो. इतिहासातील पू यी तेवढाच होता काय, हा प्रश्न मात्र मागे उरतो.

पू यीचा जन्म फेब्रुवारी १९०६ मधला. नोव्हेंबर १९०८ मध्ये सम्राट क्वांग-शू आणि त्याला दहा वर्षे नजरकैदेत ठेवून राज्य चालवणारी राजमाता त्सू-शी ही दोघे एका दिवसाच्या अंतराने मरण पावली. मरणापूर्वी त्सू-शीने वारस म्हणून या मुलाची निवड केली. तेव्हा त्याचे वय तीन वर्षेही नव्हते. आईच्या कुशीतून उचलून त्याला राजवाड्यात नेण्यात आले आणि डिसेंबरात राज्यारोहण झाले. कारभार पित्याच्या हाती राहिला. पुढे १० ऑक्टोबर १९११ रोजी वूचांग येथे क्रांतीचा भडका उडाला आणि १२ फेब्रुवारी १९१२ रोजी, १६४४ पासून पेकिंगहून चाललेली मांचू सत्ता एका फर्मानाने संपुष्टात आली. सहा वर्षांच्या त्या मुलाला राज्य मिळाल्याचे जसे कळले नव्हते, तसे गेल्याचेही कळले नाही. येथवर त्याच्या पदरी दोष घालणे अन्यायाचेच ठरेल.

नव्या प्रजासत्ताकाने त्याच्याशी केलेला करार मोठा चमत्कारिक होता. पदवी कायम, राजवाड्यातील निवास कायम आणि वर्षाला चाळीस लक्ष तैल चांदीचा तनखा. आपल्याकडील संस्थानिकांचे तनखे १९७१ च्या घटनादुरुस्तीने बंद झाले, तेव्हा अशा व्यवस्थेचे स्वरूप मराठी वाचकाला निराळे समजावून सांगायला नको. राज्य नव्हते, पण दरबार होता. प्रजा नव्हती, पण लोटांगणे घालणारे खोजे होते. तनखा पुरता कधी पोचत नसे, तरी डामडौल कमी झाला नाही. जुलै १९१७ मध्ये एका सेनापतीने त्याला पुन्हा गादीवर बसवले. ते राज्य अवघे बारा दिवस टिकले. १९१९ साली आलेल्या रेजिनाल्ड जॉन्स्टन या स्कॉटिश शिक्षकाने त्याला इंग्रजी शिकवले, चष्मा मिळवून दिला, बाहेरच्या जगाची ओळख करून दिली. पू यीने वेणी कापली आणि सायकल फिरवता यावी म्हणून राजवाड्याचे उंबरठे कापून काढवले. १९२२ मध्ये वान-रुंग ही पट्टराणी आणि वेन-श्यू ही दुसरी पत्नी एकदमच घरात आल्या. याच काळात पळून जाण्याची तजवीज म्हणून हा तरुण दुर्मिळ चित्रे व हस्तलिखिते भावाच्या हाती गुपचूप बाहेर धाडीत होता. नोव्हेंबर १९२४ मध्ये सेनापती फेंग यू-श्यांग याच्या सैनिकांनी त्याला काही तासांच्या मुदतीत राजवाड्याबाहेर काढले. वर्षभरातच त्या वास्तूचे वस्तुसंग्रहालय झाले.

पू यीच्या चरित्राचा खरा कस येथून पुढे लागतो. १९२५ च्या आरंभी तो तिआनजिन शहरातील जपानी वसाहतीत राहावयास गेला. तो एकोणीस वर्षांचा होता, सुशिक्षित होता, त्याच्याजवळ पैसा होता. सामान्य सधन नागरिकाचे आयुष्य जगण्याची वाट त्याला मोकळी होती. १९२८ साली एका लष्करी अधिकाऱ्याने त्याच्या पूर्वजांची थडगी सुरुंगाने फोडून लुटली आणि सरकारने त्या गुन्हेगाराला शासन केले नाही. हा घाव खोल होता, हे मान्य केलेच पाहिजे. १८ सप्टेंबर १९३१ रोजी मुकडेनजवळ स्वतःच घडवलेल्या स्फोटाचे निमित्त करून जपानी सैन्याने मांचुरिया गिळण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्यांना एका नावाची गरज होती. वृद्ध गुरू चेन पाओ-चेन यांनी पू यीला या फंदात पडू नये असे परोपरीने विनवले. दुसरे सल्लागार चेंग श्याओ-श्यू यांनी जाण्याचा आग्रह धरला. पू यीने दुसऱ्याचे ऐकले आणि नोव्हेंबरात तो गुपचूप निघाला. दोन्ही बाजू ऐकून घेतलेला हा निर्णय होता. त्याला बालवयाची किंवा भिंतींची सबब लागू पडत नाही.

मार्च १९३२ मध्ये तो ‘मांचुको’ या राज्याचा प्रमुख झाला, मार्च १९३४ मध्ये सम्राट. सुमारे तीन कोटी लोकांच्या या मुलखाचा खरा कारभार जपानी सेनाधिकारी पाहत. मंत्र्यांच्या शेजारी बसलेले जपानी उपमंत्री ठरवतील तेच कायदे होत, आणि पू यी त्यांना मान्यता देई. या मान्यतांच्या आड शेतकऱ्यांच्या जमिनी जपानी वसाहतवाल्यांना गेल्या, वेठबिगारीवर खाणी चालल्या, अफूच्या मक्तेदारीतून तिजोरी भरली. हार्बिनजवळ युनिट ७३१ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या छावणीत जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग झाले. पू यीला या साऱ्याची तपशीलवार माहिती असेलच असे नाही. परंतु माहिती करून न घेणे हीच त्याच्या गादीची अट होती आणि ती त्याने पाळली. १९४० साली तर जपानची सूर्यदेवता हीच आपल्या राज्याची देवता म्हणून त्याने स्वीकारली. पूर्वजांच्या थडग्यांचा सूड घ्यावयास निघालेल्या माणसाने पूर्वजांचे स्थानही परक्यांच्या हवाली केले. स्वतःच्या महालात मात्र त्याची सत्ता निरंकुश होती. तेथे सेवेला ठेवलेल्या अनाथ पोरांना फटके मिळत. पळून जाऊ पाहणारा एक मुलगा त्या मारात मेला, याची कबुली त्यानेच पुढे आत्मचरित्रात दिली आहे.

याच काळात सोलापूरचे एक तरुण डॉक्टर, द्वारकानाथ कोटणीस, भारतीय वैद्यकीय पथकातून १९३८ साली चीनमध्ये गेले आणि जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांची शुश्रूषा करीत डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. चीनशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. चीनच्या सिंहासनाचा वारस मात्र त्या वेळी आक्रमकांच्या पंक्तीला बसला होता.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान कोसळले. पू यी बायकामाणसांना मागे टाकून विमानाने निघाला आणि मुकडेनच्या विमानतळावर रशियनांच्या हाती सापडला. अफूच्या आहारी गेलेली वान-रुंग पुढच्या वर्षी तुरुंगात बेवारशासारखी मेली. ऑगस्ट १९४६ मध्ये टोकियोच्या युद्धगुन्हेगारी न्यायासनापुढे त्याला साक्षीसाठी आणण्यात आले. अकरा न्यायाधीशांच्या त्या मंडळात भारताचे राधाविनोद पाल होते. पू यीने आठ दिवस साक्ष दिली आणि सारा दोष जपान्यांवर ढकलला. जपानी मंत्र्याला लिहिलेले स्वतःचे पत्रही बनावट असल्याचे त्याने सांगितले. ते खोटे होते, हेही त्यानेच पुढे कबूल केले.

१९५० साली रशियाने त्याला चीनच्या हवाली केले. फूशुनच्या तुरुंगात तो ९८१ क्रमांकाचा कैदी झाला. आयुष्यात स्वतःच्या बुटाची नाडी न बांधलेला हा माणूस तेथे अंथरूण घडी करावयास आणि कपडे धुवावयास शिकला. डिसेंबर १९५९ मध्ये माफी मिळाल्यावर त्याने पेकिंगच्या वनस्पती उद्यानात काम केले. १९६२ साली एका परिचारिकेशी विवाह केला, १९६४ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, १७ ऑक्टोबर १९६७ रोजी, मूत्रपिंडाच्या कर्करोगाने तो मरण पावला. हे आत्मचरित्र सरकारच्या देखरेखीखाली, दुसऱ्याच्या लेखणीच्या साहाय्याने सिद्ध झालेले असल्यामुळे त्यातील पश्चात्तापाचे शब्द जपूनच वाचावे लागतात. तरीही टोकियोत नाकारलेली गोष्ट त्याने तेथे स्वीकारली, हे विसरता येत नाही.

बर्तोलुची यांच्या चित्रपटाने हे सारे दडपले असे म्हणता येणार नाही. जपानी अत्याचारांचा वृत्तपट कैद्यांना दाखवला जातो तो प्रसंग त्यात आहे. परंतु राजवाड्याच्या पिवळ्या-तांबड्या रंगांना तेथे जे अवकाश मिळाले, ते मांचुरियाच्या शेतकऱ्याला मिळाले नाही. टोकियोची साक्ष वगळली गेली. क्रूरपणा दिसतो तो बहुतांशी बालसम्राटाच्या लहरीपुरता. आणि शेवटी, एकेकाळच्या आपल्याच घरात तिकीट काढून शिरणारा वृद्ध माळी आपले डोळे ओले करतो.

ते ओले झाले तर त्यात गैर काही नाही. आईपासून तोडलेल्या मुलाबद्दल वाटणारी दया योग्यच आहे. मात्र त्या मुलावरची दया पंचवीस वर्षांच्या पुरुषाला दोषमुक्त करण्याच्या कामी येता कामा नये. परिस्थितीने घडवलेला माणूस असे एकदा म्हटले की जगातील कोणत्याही अपराध्याचा बचाव करता येतो, कारण परिस्थिती प्रत्येकालाच असते. पू यीला निवडीचा एक क्षण मिळाला होता, सांगणारा शहाणा माणूसही शेजारी होता, आणि त्याच्या निवडीची किंमत ज्यांनी भरली त्यांच्यावर कोणी महाचित्रपट काढला नाही. शिक्षकाने वर्गात हा इतिहास सांगताना चित्रपट अवश्य दाखवावा. पण दिवे लागल्यावर त्या तीन कोटी लोकांविषयीही चार शब्द बोलावेत.