सुरश्री केसरबाई

वैशाख संपत आला की वऱ्हाडातील ऊन अंगाची लाही लाही करते. दिवसभर दारे लावून बसलेली माणसे सायंकाळी अंगणात पाणी शिंपडतात आणि रात्री बाजा उघड्यावर टाकून आभाळाखाली निजतात. अकोला-अमरावतीकडील मुलांना म्हणूनच आकाशाची ओळख लवकर होते. मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे वृश्चिक राशीचा विंचू नांगी वळवून बसलेला दिसतो. त्याच्या हृदयाशी ज्येष्ठेची तांबूस तारका लुकलुकत असते. तेथून दृष्टी हळूहळू वर, जवळजवळ डोक्यावर आणली, की भुजंगधारी नावाचा विरळ ताऱ्यांचा विस्तीर्ण समूह लागतो. त्या समूहाच्या दिशेने एक यान चालले आहे. ते डोळ्यांना कधीही दिसणार नाही. परंतु त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे, आणि गोमंतकात जन्मलेल्या एका गायिकेचा आवाज तीत साठवलेला आहे. त्या गायिकेचे नाव केसरबाई केरकर.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील फोंडा तालुक्यात केरी या गावी झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगिजांचे राज्य होते. नारळी-पोफळीच्या बागांनी वेढलेल्या त्या प्रदेशात देवळेही पुष्कळ, आणि देवळांत गायन-वादनाची सेवा करणारी कलावंतांची घराणीही पुष्कळ. केसरबाई अशाच समाजातल्या. पिढ्यानपिढ्या या घराण्यांनी संगीत जतन केले. लोक त्यांचे गाणे आवडीने ऐकत. पण गाणे संपले की गाणारीला आपल्या बरोबरीने वागवण्यास ते तयार नसत. केसरबाईंच्या वाट्याला कंठ आला तो हा असा. पुढे आयुष्यभर त्यांनी आपल्या कलेचा मान राखण्याविषयी जो करारीपणा दाखवला, त्याचे मूळ येथे आहे, हे ध्यानी घेतले नाही तर त्यांचा स्वभाव नुसता तापट वाटेल.

केसरबाई आठ वर्षांच्या असताना त्यांचे कुटुंब कोल्हापुरास गेले. तेथे अब्दुल करीम खाँ यांच्याकडे त्यांना सुमारे आठ महिने शिक्षण मिळाले. इतक्या लहान वयात इतका मोठा गुरू लाभला खरा. पण तो योग अल्प ठरला. गोव्यास परतल्यावर रामकृष्णबुवा वझे हे लामगाव येथे येत, तेव्हा केसरबाई त्यांच्यापाशी शिकत. बुवा आले की शिक्षण चालू, बुवा गेले की बंद.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास आई व मामा यांच्यासह त्या मुंबईस आल्या. विठ्ठलदास द्वारकादास या धनिक व्यापाऱ्याने त्यांना पाठबळ दिले आणि त्यांच्या शिक्षणाची खटपट केली. सतारवादक बरकतुल्ला खाँ मुंबईस येत तेव्हा त्यांच्याकडून त्या शिकल्या. भास्करबुवा बखले यांच्याकडेही त्यांनी काही काळ धडे घेतले. वझेबुवांचा सहवास पुन्हा थोडा मिळाला. एकामागून एक चार थोर गुरू. परंतु कोणाचेही शिक्षण शेवटास गेले नाही. रोप एका वाफ्यातून उपटून दुसऱ्यात लावावे, ते जीव धरते न धरते तोच पुन्हा उपटावे, तशी ही गत होती. वय वाढत होते. आवाज होता, बुद्धी होती, हौस होती. परंतु एका पद्धतीने, एका हाताने घडवलेली गायकी अद्याप नव्हती. तीस वर्षांच्या उंबरठ्यावर आलेल्या एखाद्या स्त्रीने एवढ्यावरच समाधान मानले असते, आणि तिला कोणी दोष दिला नसता.

केसरबाईंनी समाधान मानले नाही. इ. स. १९२१ मध्ये त्या उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या झाल्या.

खाँसाहेब हे जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. त्यांचे स्वतःचे चरित्रही विलक्षण आहे. तरुण वयात अतोनात गायिल्यामुळे त्यांचा आवाज बिघडला. दुसऱ्या कोणी हताश होऊन तंबोरा भिंतीला टेकवला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला शोभेल अशी नवीनच गायकी बांधली. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापुरास दीर्घकाळ राहिले. त्यांची गायकी अवघड समजली जाई. तीत कुठे तुटक ताना नाहीत, कुठे भावनेचा पूर नाही. सुरांची एक अखंड वेल लयीला बिलगून चढत जाते आणि समेवर येऊन अलगद टेकते. शिवाय खाँसाहेबांपाशी अनवट रागांचा, म्हणजे सहसा कोणी न गाणाऱ्या रागांचा, मोठा साठा होता. असा गुरू शिष्य पारखून घेतो. ज्याला लवकर बैठकी करावयाच्या आहेत, त्याचे येथे काम नव्हते.

केसरबाईंना पूर्वी शिकलेले बहुतेक विसरावे लागले. शिकण्यापेक्षा हे कठीण असते. ज्या वयात इतर गायिका मैफली गाजवत होत्या, त्या वयात त्या पुन्हा षड्ज लावावयास बसल्या. रोजचे शिक्षण तासन् तास चाले. आवाज मोकळा, पूर्ण तोंड उघडून, आकारात लागला पाहिजे; तो खाली खर्जात जितका भरदार, तितकाच वर तार सप्तकात राहिला पाहिजे; आणि श्वास कोठे घेतला हे ऐकणाराला कळता कामा नये. यासाठी एकेक पलटा पुन्हा पुन्हा घोटावा लागे. सुमारे अकरा वर्षे हे कडक शिक्षण चालले. मुलांना शाळेत पहिलीपासून अकरावीपर्यंत जेवढा काळ लागतो, तेवढा हा काळ! १९३० मध्ये त्यांनी व्यवसाय म्हणून गाण्यास आरंभ केला. परंतु शिक्षण थांबवले नाही. १९४६ साली खाँसाहेब निवर्तले, तोपर्यंत, त्यांची प्रकृती खालावली असतानाही, केसरबाई त्यांच्याकडून शिकतच राहिल्या. आता त्यांच्या गुरूंची संख्या मोजण्याचे कोणाला कारण उरले नाही.

या तपश्चर्येचे फळ देशाने पाहिले. संस्थानिकांच्या दरबारांपासून मोठ्या संगीत परिषदांपर्यंत त्यांना आदराने निमंत्रणे येऊ लागली. बैठकीत त्या शिस्तीने बसत आणि श्रोत्यांकडूनही शिस्तीची अपेक्षा करीत. गाणे चालू असता कुजबुज झालेली त्यांना खपत नसे. रवींद्रनाथ ठाकूर यांना त्यांचे गाणे प्रिय होते. १९४८ साली कलकत्त्यातील रसिकांच्या संस्थेने त्यांना सुरश्री ही पदवी दिली, आणि ती त्यांच्या नावाला कायमची जडली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये भारत सरकारचा पद्मभूषण हा किताब, त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाकडून राज्य गायिका हा सन्मान. ज्या समाजातील स्त्रीला पूर्वी ओटीवरच थांबवले जाई, तिला राज्याने मानाचे आसन दिले.

आपल्या गाण्याची त्या एखाद्या ठेव्यासारखी राखण करीत. चोरून कोणी ते मुद्रित करील काय, याविषयी त्या फार सावध असत. ध्वनिमुद्रिकाही त्यांनी मोजक्याच दिल्या. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. जो राग फुलवण्यास तासभर लागावा, तो साडेतीन मिनिटांत कसा बसवावयाचा? शिष्य घेण्यातही त्या तितक्याच कठोर होत्या. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांनाच काय ती त्यांनी आपली विद्या दिली. १९६३-६४ च्या सुमारास, आवाज चांगला असतानाच, त्यांनी जाहीर गायन बंद केले. उतरत्या आवाजाने लोकांपुढे बसावे, हे त्यांना मान्य नव्हते. इतकी जपणूक करणाऱ्या गायिकेचा आवाज पुढे साऱ्या मानवजातीच्या हाती, आणि त्याहूनही दूर जावा, हा योग नवलाचा खरा.

तो असा आला. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने गुरू, शनी आणि त्यांपलीकडील ग्रहांकडे पाठवली. ही याने पुढे सूर्यमालेच्या बाहेर जाणार होती. परत येणे त्यांना नव्हतेच. तेव्हा वाटेत दूरच्या कोणा बुद्धिमान प्राण्यांना ती सापडलीच, तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून प्रत्येक यानावर एक तबकडी बसवण्यात आली. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी ती सिद्ध केली. तीत ११५ चित्रे आहेत, पाऊस, वारा, पक्षी यांचे आवाज आहेत, आणि ५५ भाषांतील शुभेच्छा आहेत. त्यांत मराठीही आहे, हे अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या मुलाला ठाऊक असावे. तबकडीवरच्या झाकणावर खुणा कोरल्या आहेत: ती कशी फिरवावी, किती वेगाने फिरवावी, आणि १४ स्पंदक ताऱ्यांच्या आधाराने आपला सूर्य कोठे शोधावा. झाकणावर युरेनियमचा एक लहानसा थरही दिला आहे. तो ठरावीक गतीने झिजतो. म्हणून तो किती उरला हे पाहून यान केव्हा निघाले ते काढता येईल. अक्षर न जाणणाऱ्यासाठी लिहिलेले हे पत्रच म्हणावयाचे.

सुमारे ९० मिनिटांच्या संगीतासाठी जगभरातून २७ रचना निवडल्या गेल्या. भारतीय संगीतासाठी रॉबर्ट ब्राऊन या संगीतपंडिताने एकच नाव आग्रहाने सुचवले: केसरबाईंची भैरवीतील 'जात कहाँ हो'. अडचण एवढीच की ती ध्वनिमुद्रिका बाजारातून नाहीशी झाली होती. दुकानांमागून दुकाने पालथी घातल्यावर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूस मेजाखाली ठेवलेल्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. ॲन ड्रुयन या लेखिकेने त्या शोधल्या. ते खोके तेथे नसते तर ताऱ्यांकडे जाणाऱ्या त्या तबकडीवर हा आवाज बहुधा नसता. या चीजेत एकट्याच निघालेल्या तरुणीला कोठे चाललीस असे विचारलेले आहे. एकट्या यानावर हे गाणे जावे, हे जुळले छान! शिवाय आपल्याकडे मैफल संपवताना भैरवी गातात.

त्या तबकडीची आणखी एक हकिकत आहे. तबकडीचे शेवटचे वळण आणि मधला कागद यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा असते. तबकड्या करणारे कारागीर कधी कधी त्या जागेत आपली खूण किंवा एखादे वाक्य हाताने कोरून ठेवीत. तिरके धरल्याशिवाय ते दिसत नाही. ही तबकडी घडवणाऱ्या टिमथी फेरिस याने त्याच जागेत छोटासा मजकूर कोरला: सर्व जगांतील, सर्व काळांतील संगीतकारांना ती तबकडी अर्पण केल्याचा. तपासनिसाच्या नजरेतून तो सुटला नाही. आकार, वजन, धातू सारे नकाशाबरहुकूम होते. पण नकाशात अक्षरांचा उल्लेख नव्हता. तेव्हा वस्तू नियमबाह्य ठरली आणि तबकडी नाकारली गेली! तिच्या जागी कोऱ्या चकत्या बसवण्याची तयारी झाली. म्हणजे केसरबाईंच्या भैरवीसह सारे संगीत पृथ्वीवरच राहणार आणि ताऱ्यांकडे मुकी चकती जाणार! सेगनने वरिष्ठांकडे धाव घेतली. साऱ्या यानावर मानवाच्या हाताने लिहिलेली अक्षरे तेवढीच आहेत, हे त्याने पटवून दिले. नियमाला अपवाद झाला, आणि तबकडी चढली.

पहिले उड्डाण २० ऑगस्ट १९७७ रोजी झाले, दुसरे ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंनी मुंबईत देह ठेवला. याने तेव्हा गुरूच्या वाटेवरच होती. १९७९ मध्ये ती गुरूजवळून गेली. २०१२ साली पहिले यान सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधील अवकाशात शिरले, आणि २०१८ साली दुसरे. २०२५ साली पहिल्या यानाचा रेडिओ-संदेश प्रकाशाच्या वेगाने पृथ्वीवर पोचण्यास २३ तासांहून अधिक वेळ लागत होता. दर सेकंदास सुमारे १७ किलोमीटर धावूनही एखाद्या परक्या ताऱ्याच्या आसपास जाण्यास त्याला ४०,००० वर्षे लागतील. दुसरे यान मयूर नावाच्या तारकासमूहाकडे गेले आहे. तो समूह वऱ्हाडातून दक्षिण क्षितिजाला टेकलेलाच दिसतो.

गोव्यात केसरबाईंच्या स्मरणार्थ संगीत समारोह होतो. केरी गावी त्यांचे एक घर जेथे होते, तेथे त्यांच्याच नावाचे हायस्कूल उभे आहे.