बुडालेली जहाजं शोधणारा कुस्तो

मालवण-तारकर्लीला मित्रांबरोबर स्कूबा केलंय? मग आठवून बघा. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. श्वास ओढला की हवा येते, सोडला की बुडबुडे वर जातात. हे शक्य करणाऱ्या दोघांपैकी एक होता फ्रान्सचा जाक कुस्तो. गंमत म्हणजे त्याला पाण्यात नाही, आकाशात जायचं होतं.

कुस्तो १९१० साली जन्मला. नौदलात गेला, वैमानिक व्हायची तयारी सुरू झाली आणि १९३६ मध्ये मोटारीचा भीषण अपघात झाला. दोन्ही हात जायबंदी, विमान कायमचं सुटलं. हातांत पुन्हा ताकद यावी म्हणून तो समुद्रात पोहायला लागला. एका मित्राने पाण्यात घालायचा चष्मा दिला. त्याने पाण्याखाली डोकं घातलं आणि पुढचं आयुष्य तिथेच ठरलं.

त्या काळचे पाणबुडे अंगावर जड पोशाख, डोक्यावर धातूचा टोप घालून उतरायचे. हवेची नळी वरच्या बोटीला बांधलेली. म्हणजे दोरीला बांधलेल्या गुरासारखं फिरायचं. १९४२ च्या डिसेंबरमध्ये, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना, कुस्तोला एमिल गान्यान हा इंजिनीयर भेटला. पेट्रोलच्या टंचाईत गाड्या गॅसवर चालवण्यासाठी त्याने एक व्हॉल्व्ह बनवला होता. दोघांनी तोच बदलून घेतला. आता माणूस श्वास घेईल तेव्हाच, आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने हवा मिळू लागली. हेच ‘ॲक्वालंग’. माणूस माशासारखा मोकळा झाला. १९४३ मध्ये कुस्तोने बुडालेल्या जहाजांवर फिल्मही केली.

पुढे ब्रिटिश नौदलाची एक जुनी सुरुंग काढणारी नौका त्याला वर्षाला एक फ्रँक भाड्याने मिळाली. तिचं नाव कॅलिप्सो. १९५२ पासून त्याच्या माणसांनी मार्सेयजवळ रोमन काळातला माल काढला. पण नेमकी नोंद ठेवणारा पुरातत्त्वज्ञ पाण्याखाली नव्हता. तिथे एकावर एक दोन जहाजं होती, हे पक्कं व्हायला कित्येक वर्षं गेली. एका तरुण पाणबुड्याचा तिथे जीवही गेला.

मग आला तांबडा समुद्र. इजिप्तमधल्या फौजेसाठी सामान नेणारं ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश जहाज ६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी बुडवलं होतं. नऊ जण गेले. कुस्तोने कोळ्यांकडून माहिती काढून ते शोधलं. सुमारे तीस मीटर खोल, कोमट निळ्या पाण्यात ट्रक, मोटारसायकली, बूट, बंदुका जशाच्या तशा! त्याने एक मोटारसायकल आणि जहाजाची घंटा वर काढली. हे जहाज ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटात दिसलं. १९५६ मध्ये त्याला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पाठोपाठ ऑस्करही.

आज तो चित्रपट बघाल तर दचकाल. मासे मोजायचे म्हणून प्रवाळात सुरुंग उडवलाय, शार्क चिडून मारलेत. तेव्हा समुद्र कधी संपेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. कुस्तोलाही नाही.

पण हा माणूस तिथेच थांबला नाही. वर्षानुवर्षं त्याच जागी परत उतरल्यावर काय कमी होतंय ते त्याला दिसायला लागलं. १९६० मध्ये किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याच्या बेताविरुद्ध तो उभा राहिला आणि तो बेत बारगळला. लाल टोपीतला कुस्तो मग टीव्हीवरून जगभर समुद्र वाचवायला सांगत फिरला.

जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सोच बुडाली. आयुष्यभर इतरांची जहाजं शोधणाऱ्याचं स्वतःचं जहाज तळाशी! नंतर ती वर काढली, पण कुस्तो पुढच्याच वर्षी, सत्त्याऐंशीव्या वर्षी गेला.

थिसलगॉर्मवर आजही जगभरचे पाणबुडे उतरतात. त्या जहाजाला बोटींचे दोर बांधून बांधून त्याची बरीच मोडतोड झालीय. ‘एखादी वस्तू नेली तर काय बिघडलं’ म्हणणारेही कमी नव्हते. म्हणून सांगतो, कुस्तोची सुरुवात नको, शेवट उचला. कधी एखाद्या बुडालेल्या जहाजापाशी पोहोचलात, तर डोळे भरून बघा, फोटो काढा आणि रिकाम्या हातांनी वर या. तुमच्या मागून येणाऱ्यालाही ते दिसायला हवं ना?