रॉबर्ट बेकवेल

रॉबर्ट बेकवेल (जन्म : 23 मे 1725, डिशली, लेस्टरशायर, इंग्लंड, मृत्यू : 1 ऑक्टोबर 1795, डिशली) हे अठराव्या शतकातील इंग्रज शेतकरी व पशुपैदासकार होते. मेंढ्या, गुरे व घोडे यांची हेतुपुरस्सर निवड करून पैदास करण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. न्यू लेस्टर किंवा डिशली या नावाने ओळखली जाणारी मेंढ्यांची जात हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध कार्य होय. उत्तम नर न विकता हंगामापुरता भाड्याने देण्याची प्रथा त्यांनी मोठ्या प्रमाणावर चालवली आणि जनावरांची कीर्ती दूरवर पसरवून त्या कीर्तीतून उत्पन्न मिळवण्याचा एक नवा ग्रामीण व्यवसाय उभा केला. त्यामुळे कृषिविद्येच्या इतिहासाबरोबरच ग्रामीण व्यापार व जाहिरात यांच्या इतिहासातही त्यांचे नाव घेतले जाते.

पूर्वायुष्य

मध्य इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात लफबरो या बाजारगावाजवळ डिशली ग्रेंज नावाची शेती होती. तिचे क्षेत्र सुमारे 440 एकर होते. बेकवेल यांचे वडील, त्यांचेही नाव रॉबर्टच होते, ही जमीन कूळ म्हणून कसत असत. तरुणपणी बेकवेल यांनी इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांत आणि युरोप खंडात प्रवास करून तेथील शेतीच्या पद्धती पाहिल्या. परतल्यावर ते वडिलांच्या हाताखाली काम करू लागले आणि 1760 मध्ये वडिलांच्या निधनानंतर शेतीचा संपूर्ण कारभार त्यांच्याकडे आला. ते अखेरपर्यंत कूळच राहिले; जमिनीची मालकी त्यांना कधीही लाभली नाही. त्यांनी विवाह केला नाही. त्यांची बहीण घरची व्यवस्था पाहत असे. धर्माने ते प्रस्थापित चर्चबाहेरील एकेश्वरवादी पंथाचे होते.

डिशली येथील शेती

बेकवेल यांनी जनावरांइतकेच लक्ष चाऱ्याकडे दिले. नदीनाल्यांचे पाणी पाट काढून कुरणांवर खेळवले आणि वर्षातून चार वेळा गवताची कापणी शक्य केली. पाणी दिलेला व न दिलेला असे जमिनीचे तुकडे त्यांनी शेजारी शेजारी राखले होते, म्हणजे पाहुण्याला दोहोंतील फरक डोळ्यांनी दिसावा. सलगम, कोबी व इतर चारापिकांमुळे हिवाळ्यातही मोठा कळप पोसता येई.

जनावरांना मारहाण करण्यास त्यांचा सक्त विरोध होता. प्रसिद्ध कृषिलेखक आर्थर यंग यांनी 1770 मध्ये डिशलीस भेट दिली आणि पुढील वर्षी प्रकाशित झालेल्या प्रवासवर्णनात तिची सविस्तर हकीकत दिली. लहान मुलाने हातात बारीकशी काठी घेऊन अवाढव्य वळू एका जागेहून दुसऱ्या जागी न्यावा, हे दृश्य पाहून त्यांना विशेष आश्चर्य वाटले. या वर्णनामुळे डिशलीचे नाव लेस्टरशायरबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचले.

पैदाशीची पद्धत

त्या काळी बहुतेक ठिकाणी नर व मादी जनावरे सामाईक कुरणावर एकत्र चरत आणि त्यांचा संयोग दैवावर सोडलेला असे. मेंढी मुख्यतः लोकरीसाठी आणि बैल ओढकामासाठी पाळला जाई. मांस हे उतारवयातील जनावराचे दुय्यम उत्पन्न समजले जात असे. औद्योगिक शहरे वाढू लागली तशी मांसाची मागणी वाढत गेली. बेकवेल यांनी हा बदल वेळीच ओळखला. कमी चाऱ्यात लवकर पुष्ट होणारे, बारीक हाडांचे, रुंद पाठीचे आणि महाग विकल्या जाणाऱ्या भागांवर अधिक मांस असणारे जनावर तयार करणे, हे त्यांनी आपले उद्दिष्ट ठरवले.

त्यासाठी त्यांनी नर व मादी वेगळे ठेवले. हवे ते गुण असलेली जनावरे निवडून त्यांचाच संयोग घडवला. हे गुण पुढील पिढ्यांत स्थिर व्हावेत म्हणून बाप व मुलगी, भाऊ व बहीण अशा जवळच्या नात्यातील जनावरांचाही संयोग करण्यास त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. त्या काळी अनेकांना ही गोष्ट निसर्गविरुद्ध वाटे. नराची परीक्षा त्याच्या रूपावरून न करता त्याच्या संततीवरून करावी, हे त्यांच्या पद्धतीचे मुख्य सूत्र होते. नर भाड्याने देण्याच्या व्यवहाराचा येथे त्यांना दुहेरी लाभ झाला. एकच मेंढा अनेकांच्या कळपांत जाई, त्याची पिल्ले कशी निपजतात हे पाहता येई आणि उत्तम ठरलेला मेंढा पुन्हा डिशलीला आणून स्वतःच्या कळपासाठी वापरता येई. विकलेल्या मेंढ्याबाबत हे शक्य नव्हते.

तत्कालीन पशुव्यापार व जाहिरात

अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडच्या ग्रामीण भागात जनावरांचा व्यापार मुख्यतः जत्रा आणि आठवडी बाजार यांतून चाले. घोड्यांच्या बाबतीत निराळी रीत होती. वसंत ऋतूत पैदाशीचा घोडा घेऊन त्याचा राखणदार गावोगाव फिरे. कोणत्या वारी कोणत्या बाजारगावी आणि कोणत्या खाणावळीत मुक्काम असेल, हे आधीच जाहीर केलेले असे. घोड्याचे नाव, रंग, उंची, त्याच्या बापाचे नाव, घोडी फळवण्याचे शुल्क आणि राखणदाराची वेगळी बिदागी असा मजकूर हस्तपत्रकांत व प्रांतिक वृत्तपत्रांत छापला जात असे. लेस्टर जर्नल हे स्थानिक वृत्तपत्र 1753 मध्ये सुरू झाले. अशा पत्रांत शेतीचे लिलाव, हरवलेली जनावरे, बियाणे, औषधे आणि पैदाशीचे नर यांच्या जाहिराती शेजारी शेजारी दिसत.

छापील जाहिरात स्वस्त नव्हती. ब्रिटिश सरकारने 1712 पासून प्रत्येक जाहिरातीवर 1 शिलिंग कर बसवला होता. तो 1757 मध्ये 2 शिलिंग, 1780 मध्ये 2 शिलिंग 6 पेन्स आणि 1789 मध्ये 3 शिलिंग झाला. 1760 च्या सुमारास बेकवेल यांना एका मेंढ्याचे संपूर्ण हंगामाचे भाडे अवघे 17 शिलिंग 6 पेन्सच्या आसपास मिळत होते. एका जाहिरातीचा केवळ करच या उत्पन्नाचा नववा हिस्सा होई. अशा स्थितीत मुखोमुखी पसरणारी कीर्ती आणि प्रत्यक्ष पाहिलेले जनावर हीच पशुपैदासकाराची खरी जाहिरात होती.

डिशलीचे प्रदर्शन

बेकवेल यांनी आपली शेतीच प्रदर्शन बनवली. पाहुण्यांसाठी त्यांचे घर सदैव उघडे असे. शेजारच्या शेतकऱ्यांपासून परदेशी उमरावांपर्यंत सर्वांना एकाच स्वयंपाकघरात जेवण मिळे. 1785 मध्ये फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा द ला रोशफुको यांनी डिशलीला भेट दिली व आपल्या टिपणांत तिचे वर्णन केले. घराच्या दालनात नामांकित जनावरांचे सांगाडे मांडलेले होते आणि खारवलेल्या मांसाचे तुकडे जतन करून ठेवलेले होते. जुन्या जनावरांची हाडे जाड होती व पुढच्या पिढ्यांत ती बारीक होत जाऊन मांस वाढत गेले, हे पाहुण्याला तेथे उभ्या उभ्या पटवून देता येई.

मेंढे पाहण्याचा हंगाम जूनच्या सुरुवातीस उघडत असे. गिऱ्हाइकाने मेंढा पाहावा, त्याची किंमत स्वतः ठरवावी आणि देकार द्यावा. तो मान्य करावा की नाही हे बेकवेल ठरवत. व्यवहाराची बोलणी एकांतात होत. सप्टेंबरमध्ये ठरलेले मेंढे गिऱ्हाइकांकडे रवाना केले जात. त्यांना पायी चालवत नेण्याऐवजी स्प्रिंगांवर झुलणाऱ्या दुचाकी गाड्यांतून दिवसाला 20 ते 30 मैल असे नेत. एखादा मेंढा दोनशे ते तीनशे मैलांचा प्रवास करी. कृषिलेखक विल्यम मार्शल यांनी या गाड्यांचे वर्णन केले आहे. रस्त्याने जाणारी अशी गाडी गावोगावच्या लोकांचे लक्ष वेधून घेत असणार, हे उघड आहे.

1785 मध्ये बेकवेल यांचा ओढकामाच्या जातीचा काळा घोडा लंडनला नेण्यात आला आणि सेंट जेम्स राजवाड्याच्या प्रांगणात तिसरे जॉर्ज या राजांना दाखवण्यात आला. शेतीची आवड असलेल्या राजाने एका कुळाचा घोडा पाहणे ही गोष्ट त्या काळी चर्चेचा विषय झाली.

दिवाळखोरी

या कीर्तीच्या मागे मोठी आर्थिक ओढाताण होती. उत्तम जनावरांची खरेदी, पाट व कुरणे यांवरील खर्च, नोकरांचा मोठा परिवार आणि अखंड चाललेले आदरातिथ्य यांचा भार मेंढ्यांच्या तुटपुंज्या भाड्यावर पेलणे कठीण होते. 1776 मध्ये बेकवेल यांची दिवाळखोरी जाहीर झाली. आर्थर यंग यांच्या पुस्तकाने डिशलीला देशभर प्रसिद्धी मिळवून दिल्यानंतर पाचच वर्षांनी हा प्रसंग आला. नाव होणे आणि नफा होणे या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. मित्रांच्या व हितचिंतकांच्या साहाय्याने बेकवेल डिशलीतच राहू शकले आणि त्यांनी आपला व्यवसाय पुन्हा उभारला. त्या वेळी त्यांचे वय 51 वर्षे होते.

डिशली सोसायटी

पुढील दीड दशकात मेंढ्यांचे भाडे झपाट्याने वाढत गेले. 1786 मध्ये बेकवेल यांना मेंढ्यांच्या भाड्यातून सुमारे 1000 गिनी मिळाल्या. 1789 मध्ये केवळ तीन मेंढ्यांचे 1200 गिनी आणि आणखी सात मेंढ्यांचे 2000 गिनी भाडे त्यांना मिळाल्याची नोंद आहे. एक गिनी म्हणजे 21 शिलिंग. म्हणजे या तीन मेंढ्यांपैकी प्रत्येकाचे भाडे 1760 च्या सुमाराच्या भाड्याच्या सुमारे 480 पट झाले होते. टूपाउंडर नावाचा मेंढा या काळात विशेष गाजला.

1783 मध्ये लेस्टरशायर व आसपासच्या पैदासकारांनी डिशली सोसायटी स्थापन केली. बेकवेल हे तिचे प्रमुख होते. सभासदांनी मेंढ्याचे भाडे ठरावीक मर्यादेखाली उतरवू नये, व्यवहार गुप्त ठेवावेत आणि जत्रेत किंवा बाजारात आपले मेंढे मांडणाऱ्यांना मेंढा भाड्याने देऊ नये, अशा आशयाचे नियम संस्थेने केले. जत्रेच्या खुल्या बाजारापासून आपला माल दूर ठेवून त्याची दुर्मीळता टिकवण्याचा हा प्रयत्न होता. या नियमांमुळे संस्थेवर मक्तेदारीचा आरोप झाला. लहान शेतकऱ्यांना हे भाडे परवडत नसे. मोठ्या पैदासकाराकडून मेंढा घेणाऱ्या मधल्या पैदासकाराकडून त्याची संतती घेणे, एवढाच मार्ग त्यांना उरला.

गुप्तता

बेकवेल यांनी आपल्या पद्धतीविषयी पुस्तक लिहिले नाही आणि वंशावळीच्या नोंदी प्रकाशित केल्या नाहीत. शेती खुलेपणाने दाखवणारा हा गृहस्थ कोणत्या नराचा कोणत्या मादीशी संयोग केला, हे मात्र सांगत नसे. खाटकाला विकलेल्या मेंढ्यांचा इतरांनी पैदाशीसाठी उपयोग करू नये म्हणून ते त्यांना आधी पाणथळ कुरणात चारून यकृताचा रोग जडवत, असे समकालीनांत बोलले जाई. नॉर्थंबरलंडचे पैदासकार जॉर्ज कली हे तरुणपणी डिशलीत शिकले होते. 1786 ते 1792 या काळात बेकवेल यांनी त्यांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. बेकवेल यांच्या व्यवहाराची व स्वभावाची माहिती देणारे ते महत्त्वाचे साधन मानले जाते.

मृत्यू

दीर्घ आजारानंतर 1 ऑक्टोबर 1795 रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी डिशली येथे बेकवेल यांचे निधन झाले. तेथील चर्चमध्येच त्यांना पुरण्यात आले. हे चर्च आता भग्नावस्थेत आहे. त्यांच्यानंतर भाचे हनीबर्न यांनी शेती व कळप सांभाळला.

मूल्यमापन व प्रभाव

बेकवेल यांच्या न्यू लेस्टर मेंढीचे मांस अतिशय चरबीयुक्त असे. कष्टकरी वर्गात त्याला मागणी होती, परंतु चवीविषयी तक्रारीही होत्या. या मेंढीची लोकर खालच्या प्रतीची आणि जननक्षमता कमी असल्याची टीका झाली. त्यांच्या लाँगहॉर्न जातीच्या गुरांत मांस वाढले, पण दूध घटले. लवकरच शॉर्टहॉर्न जातीने त्यांना मागे टाकले. न्यू लेस्टर मेंढीही शुद्ध स्वरूपात फार काळ पुढे राहिली नाही. तरी तिच्या रक्ताच्या संकरातून ब्रिटनमधील व वसाहतींमधील अनेक जाती सुधारण्यात आल्या.

बेकवेल यांची जनावरे मागे पडली, तरी त्यांची पद्धत टिकली. शॉर्टहॉर्नचे पैदासकार चार्ल्स कॉलिंग यांनी डिशलीला भेट देऊन तेथील रीत पाहिली होती. त्यांच्या केटन येथील शेतीवर जन्मलेला डरहॅम ऑक्स हा प्रचंड बैल 1801 ते 1807 या काळात गाडीतून इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये प्रदर्शनासाठी फिरवला गेला आणि त्याच्या चित्राच्या हजारो प्रती खपल्या. ज्यांनी बेकवेल यांचे अश्वारूढ चित्र काढले, त्या जॉन बोल्टबी यांनीच या बैलाचे चित्र रंगवले होते. 1822 मध्ये शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळ-नोंदवही छापून प्रसिद्ध झाली. जे ज्ञान डिशलीत गुपित होते, ते अशा रीतीने छापील व सार्वजनिक झाले.

चार्ल्स डार्विन यांनी 1859 मध्ये प्रसिद्ध केलेल्या जातींच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात बेकवेल यांचा उल्लेख केला आहे. त्यांच्या मूळ कळपातून निघालेल्या लेस्टर मेंढ्यांचे दोन कळप पन्नासहून अधिक वर्षे इतर रक्त न मिसळता राखले असतानाही परस्परांहून भिन्न दिसू लागले, हे उदाहरण डार्विन यांनी निवडीचा परिणाम दाखवण्यासाठी दिले. आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनीवर कूळ म्हणून राहिलेल्या शेतकऱ्याच्या कळपाला अशा प्रकारे विज्ञानाच्या इतिहासात स्थान मिळाले.