रक्ताच्या गुठळीचं कोडं

बाई गरोदर राहिली की दवाखान्यात तिचं रक्त तपासतात आणि कार्डावर रक्तगट लिहून देतात. आपण ते कार्ड घडी घालून पर्समध्ये टाकतो. त्या एक-दोन अक्षरांमागे व्हिएन्नातल्या एका अबोल डॉक्टरचं अख्खं आयुष्य आहे.

कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ चा. ते सहा वर्षांचे असताना वडील गेले. आईनेच वाढवलं. आईवर त्यांचा इतका जीव, की ती गेल्यावर तिच्या चेहऱ्याचा साचा त्यांनी जन्मभर आपल्या भिंतीवर ठेवला. डॉक्टर झाले, पण रमले ते प्रयोगशाळेत.

त्या काळी एकाचं रक्त दुसऱ्याला दिलं तर कुणी वाचे, कुणी तडफडून मरे. का, ते कळत नव्हतं. लँडस्टायनरनी स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं रक्त काढलं. रक्त नळीत ठेवलं की ते गोठतं आणि वर पिवळसर पाणी सुटतं, दह्यावर निवळी सुटते तसं. ते सीरम. एकाचं सीरम दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळायचं आणि बघत बसायचं. काही जोड्यांत काहीच होईना, काहींत पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होत. प्रत्येकाचं प्रत्येकाशी लावून तक्ता मांडला तेव्हा उलगडलं, की आपल्या सीरममधली द्रव्यं परकी पेशी ओळखतात. १९०१ मध्ये त्यांनी तीन गट जाहीर केले. चौथा, एबी, पुढच्या वर्षी सहकाऱ्यांना सापडला.

एवढं करून नोबेल मिळालं ते १९३० साली! मधल्या काळात पहिल्या महायुद्धाने व्हिएन्नाची दैना झाली. बायको हेलेन आणि लहानग्या मुलाला घेऊन १९१९ मध्ये ते हॉलंडला गेले. तिथल्या छोट्या रुग्णालयात हा एवढा मोठा माणूस रोजच्या रक्त-लघवीच्या तपासण्या करत होता. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने बोलावून घेतलं.

मला त्यांचं मोठं वाटतं ते म्हातारपणातलं काम. १९४० मध्ये, निवृत्त झाल्यावर, अलेक्झांडर वीनर यांच्याबरोबर त्यांनी आरएच घटक शोधला. कार्डावरचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ते हेच. आई निगेटिव्ह आणि बाळ वडिलांसारखं पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं आणि तिचं शरीर त्याविरुद्ध द्रव्यं तयार करतं. पहिलं मूल बहुधा सुखरूप असतं. पुढचंही पॉझिटिव्ह असेल तर त्याला मात्र जबर कावीळ होऊ शकते, नाहीतर ते पोटातच जाऊ शकतं. ही सांगड त्यांचे जुने सहकारी फिलिप लेव्हिन यांनी घातली.

तोवर अशा बाईने किती ऐकून घेतलं असेल! आपल्याकडे तर मूल जगत नाही म्हणून सुनेलाच पांढऱ्या पायाची म्हणायचे. करणी, नजर, उपासतापास सगळं व्हायचं.

जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेतच, काम करताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी ते गेले. निगेटिव्ह आईसाठीचं अँटी-डी इंजेक्शन १९६८ मध्ये वापरात आलं. बाळ पॉझिटिव्ह असेल तर ते बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत घ्यावं लागतं, आणि गर्भपात झाला तरी डॉक्टरांना त्याबद्दल विचारावं लागतं. घरात कुणी गरोदर असेल तर आज तिचं कार्ड उघडून बघा.