अणुभट्टीची उपकरणं बिघडली तर दुरुस्त कोण करणार? होमी भाभांनी याची सोय आधीच करून ठेवली होती

अणुभट्टी चालवणाऱ्या माणसाला आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसत नाही. न्यूट्रॉन किती, तापमान किती, दाब किती, हे त्याला फक्त मीटरचा काटा सांगतो. काटा उगाच वर गेला तर भट्टी विनाकारण बंद पडते. आणि वर जायला हवा तेव्हा गेलाच नाही, तर गाठ थेट अपघाताशी.

म्हणजे भट्टीइतकीच गरज असते ती ही उपकरणं तपासणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांची. स्वातंत्र्यानंतरच्या भारतात अशी माणसं जवळपास नव्हतीच.

डॉ. होमी भाभा मूळचे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, केंब्रिजमध्ये शिकलेले. पण मुंबईजवळ ट्रॉम्बेला अणुऊर्जा केंद्र उभारताना त्यांनी आधी माणसं जमवली.

१९५५ मध्ये 'अप्सरा' ही पहिली भट्टी बांधायचं ठरलं. इंधन ब्रिटनकडून आलं. नियंत्रणाची उपकरणं मात्र ए. एस. राव यांच्या इलेक्ट्रॉनिक्स गटाने इथेच बनवली. याचा फायदा साधा होता. ज्याने सर्किट स्वतः जोडलंय, त्याला बिघाड शोधायला परदेशी कंपनीच्या माणसाची वाट बघावी लागत नाही. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा सुरू झाली.

पण एक गट किती भट्ट्यांना पुरणार?

म्हणून १९५७ मध्ये ट्रॉम्बेचं ट्रेनिंग स्कूल सुरू झालं. विज्ञान आणि इंजिनिअरिंगचे ताजे पदवीधर निवडायचे, त्यांना वर्षभर शिकवायचं आणि लगेच कामाला लावायचं. त्या वेळी देशात वीज बनवणारी एकही अणुभट्टी नव्हती. तरीही भरती सुरू होती, कारण भट्टी विकत मिळते, तिच्यावर हात बसलेला माणूस विकत मिळत नाही. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने ४० मेगावॉटची 'सायरस' सुरू झाली, तोवर शाळेच्या पहिल्या तुकड्या बाहेर पडल्या होत्या.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर झालेल्या विमान अपघातात भाभा गेले. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते आणि तारापूरचं काम अर्ध्यावर होतं.

काम मात्र थांबलं नाही. १९६७ मध्ये राव यांच्या नेतृत्वाखाली उपकरणं बनवणारी ईसीआयएल ही सरकारी कंपनी हैदराबादला उभी राहिली. १९६९ मध्ये तारापूरची वीज सुरू झाली.

खरी परीक्षा पुढे होती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने अणुसहकार्य थांबवलं. राजस्थानातल्या रावतभाट्याची दुसरी भट्टी तेव्हा अपुरी होती. सुटे भाग आणि सल्ला, दोन्ही बंद.

ती भट्टी भारतीय इंजिनिअरांनी पूर्ण केली आणि १९८१ पासून तिची वीज नियमित मिळू लागली. भाभांना जाऊन तेव्हा १५ वर्षं झाली होती. त्यांनी सुरू केलेली शाळा दरवर्षी नवी तुकडी बाहेर काढतच होती.